कार्ल लेम्ली : वितरकाची दृष्टी आणि विशेषनामाचे मूल्य

चित्रपटनिर्मात्याचे चरित्र बहुधा दोन साच्यांपैकी एका साच्यात ओतले जाते. पहिला साचा दरिद्री मुलाने स्वकष्टाने संपत्ती मिळविल्याच्या कथेचा. दुसरा, परक्या देशात आलेल्या माणसाने त्या देशाचे स्वप्न त्या देशालाच विकल्याच्या कथेचा. युनिव्हर्सल या अमेरिकन चित्रसंस्थेचे संस्थापक कार्ल लेम्ली (१८६७–१९३९) यांच्या वाट्याला हे दोन्ही साचे आले. इंग्रज कवी व नाटककार जॉन ड्रिंकवॉटर यांनी १९३१ मध्ये लिहिलेले त्यांचे चरित्र पहिल्या प्रकारात मोडते. नील गेब्लर यांनी १९८८ मध्ये हॉलिवुडच्या ज्यू संस्थापकांविषयी केलेले विवेचन दुसऱ्या प्रकारात. दोहोंतही तथ्यांश आहे. तथापि लेम्ली हे प्रथमतः वितरक होते आणि निर्माते झाले ते वितरणाची निकड म्हणून, या साध्या गोष्टीला दोन्ही विवेचनांत गौण स्थान मिळाले आहे. ती गोष्ट मध्यभागी ठेवली असता त्यांच्या यशाचा आणि त्यांच्या सर्वांत मोठ्या उणिवेचाही उलगडा एकाच सूत्राने होऊ शकतो. हे सूत्र शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

लेम्ली यांचा जन्म १७ जानेवारी १८६७ रोजी वुर्टेम्बर्ग राज्यातील लाउपहाइम या लहान गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांच्या आडनावाची घडण पाहण्यासारखी आहे. कोकरू या अर्थाच्या जर्मन शब्दाला श्वाबियन बोलीतील लघुत्वदर्शक प्रत्यय लागला, त्याबरोबर मूळ स्वर पालटला, आणि ‘लहानगे कोकरू’ अशा अर्थाचे हे रूप सिद्ध झाले. अमेरिकेत गेल्यावर त्या पालटलेल्या स्वरासाठी दोन अक्षरे लिहिली जाऊ लागली, उच्चार ‘लेम्ली’ असा स्थिरावला, आणि आडनावातील बोलीचा अर्थ नव्या शेजाऱ्यांना दिसेनासा झाला. देशांतर करणाऱ्या माणसाच्या नावाचे असे होतच असते. अर्थ मागे राहतो, ध्वनी पुढे जातो.

वयाच्या तेराव्या वर्षी ते इखेनहाउझेन येथील स्टेशनरीच्या एका पेढीत उमेदवारीला राहिले. १८८४ मध्ये, सतराव्या वर्षी, ते अमेरिकेस गेले. त्यांचे थोरले बंधू तेथे आधीच गेलेले होते. औषधांच्या दुकानातील निरोप्या, शेतावरील मजूर, हिशेबनीस अशी कामे करीत त्यांनी दहा वर्षे काढली. पुढे विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी तयार कपड्यांच्या एका दुकानात ते नोकरीस लागले, व्यवस्थापक झाले आणि सुमारे बारा वर्षे तेथे राहिले.

चरित्रकार हा काळ ‘खऱ्या’ जीवनाची पूर्वतयारी म्हणून भराभर ओलांडतात. वस्तुतः लेम्ली यांचा धंद्याचा स्वभाव येथेच घडला. तयार कपड्यांच्या धंद्यात शिंपी गिऱ्हाइकाचे माप घेत नाही. गिऱ्हाइकाने ठरावीक मापांपैकी आपल्याला बसणारे माप निवडायचे असते. मालाला गिऱ्हाईक कोण हे आधी ठाऊक नसते. तो ‘कोणाही’साठी शिवलेला असतो, आणि त्या ‘कोणाही’ला दुकानापर्यंत आणण्याचे काम जाहिरातीला करावे लागते. १९०६ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर लेम्ली शिकागोत आले, तेव्हा स्वस्त वस्तूंचे दुकान काढण्याचा त्यांचा विचार होता असे सांगतात. परंतु पाच सेंटांच्या एका चित्रगृहापुढील गर्दी पाहून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांची मोजदाद केली आणि बेत बदलला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मिलवॉकी अॅव्हेन्यूवर त्यांनी ‘व्हाइट फ्रंट’ हे छोटे चित्रगृह उघडले आणि वर्ष संपण्याच्या आत ‘लेम्ली फिल्म सर्व्हिस’ ही वितरणसंस्था स्थापन केली.

या धंद्याचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. कापड विकले की ते गिऱ्हाइकाचे होते. फिल्मची गोष्ट तशी नाही. फिल्म वितरकाचीच राहते. चित्रगृहवाला ती काही दिवसांच्या भाड्याने घेतो आणि प्रेक्षक केवळ ती पाहण्याचा हक्क विकत घेतो. एकच प्रत गावोगाव फिरते, झिजते, आणि जितक्या अधिक ठिकाणी खपते तितकी किफायतशीर ठरते. म्हणून कोणत्याही गावी, कोणत्याही जमातीपुढे, कोणतीही भाषा बोलणाऱ्यांपुढे चालेल असा माल वितरकाला हवा असतो. त्या काळच्या अमेरिकन शहरांत इंग्रजी न वाचणाऱ्या प्रेक्षकांची संख्या मोठी होती. मूकपटात भाषेचा भार चित्रांच्या मधल्या पाट्यांवर असे, आणि पाटी कापून दुसऱ्या भाषेतील पाटी जोडणे सोपे असे. मूकपट हा भाषेचे कुंपण जवळजवळ नसलेला माल होता.

२

डिसेंबर १९०८ मध्ये एडिसन, बायोग्राफ आदी कंपन्यांनी आपली पेटंटे एकत्र करून मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी स्थापन केली. ‘ट्रस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाने चित्रगृहवाल्यांवर प्रक्षेपणयंत्राच्या वापराबद्दल आठवड्याला दोन डॉलरची आकारणी बसविली आणि परवाना नसलेल्यांना फिल्म मिळू नये अशी व्यवस्था केली. लेम्ली यांनी प्रथम परवाना घेतला आणि एप्रिल १९०९ मध्ये तो झुगारून दिला. त्याचबरोबर ट्रस्टकडून मिळणारा मालाचा पुरवठा बंद झाला. चित्रगृहांना दररोज नवा माल देण्यास बांधलेल्या वितरकापुढे आता एकच मार्ग उरला : माल स्वतः तयार करणे. ‘इंडिपेंडंट मूव्हिंग पिक्चर्स’ ही निर्मितीसंस्था अशी जन्मास आली. तिचा पहिला चित्रपट ‘हायावाथा’ १९०९ च्या ऑक्टोबरात बाहेर पडला.

या संघर्षात लेम्ली यांचे सहकारी रॉबर्ट कॉक्रन यांनी लिहिलेल्या जाहिरातींचा वाटा मोठा होता. ट्रस्टची भाषा कायद्याची, कर्तृपद लपविणारी व आज्ञार्थी होती. लेम्ली यांच्या जाहिरातींची भाषा समोरासमोरच्या बोलण्याची, थट्टेची आणि प्रथमपुरुषी होती. व्यापारी पत्रांतून ते चित्रगृहवाल्याशी स्वतःच्या नावाने, दुकानदाराने दुकानदाराशी बोलावे तसे बोलत. पेटंटाचा प्रश्न अशा रीतीने लहान माणूस विरुद्ध मोठा संघ या स्वरूपात मांडला गेला.

१९१० मध्ये फ्लॉरेन्स लॉरेन्स या अभिनेत्रीचे प्रकरण घडले. प्रेक्षक तिला तिच्या पूर्वीच्या कंपनीवरून ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणून ओळखीत. ती अपघातात मरण पावल्याची वार्ता उठली, आणि लेम्ली यांच्या संस्थेने मार्च १९१० मध्ये व्यापारी पत्रात जाहिरात देऊन ती वार्ता खोटी असल्याचे सांगत तिचे नाव ठळकपणे छापले. मूळ अफवा लेम्ली यांच्याच गोटातून निघाली, असे पुष्कळ इतिहासकार मानत आले आहेत. ‘येथेच चित्रतारकेचा जन्म झाला’ हे विधानही अनेक वर्षे प्रमाण मानले गेले. परंतु इतर कंपन्यांनीही त्याच सुमारास नटांची नावे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता, हे रिचर्ड डीकॉर्डोव्हा यांच्या १९९० मधील ग्रंथाने स्पष्ट झाले आहे. तेव्हा शोधाचे श्रेय एकट्या लेम्ली यांना देता येणार नाही.

तरीही या घटनेत एक व्याकरणिक अर्थ आहे. ‘बायोग्राफ गर्ल’ हे मूलतः सामान्यनाम आहे. त्यात व्यक्ती कंपनीच्या मालकीची होते आणि तिच्या जागी दुसरी मुलगी आली तरी संज्ञा तशीच राहू शकते. ‘फ्लॉरेन्स लॉरेन्स’ हे विशेषनाम आहे. ते एकीलाच लागू पडते आणि ती जिकडे जाईल तिकडे जाते. सर्वांना चालणाऱ्या मालाच्या धंद्यात विशेषनामाला किंमत येते हे लेम्ली यांनी ओळखले. मात्र येथे विशेषनामही मालच होते.

३

१९१२ मध्ये लेम्ली आणि इतर काही स्वतंत्र निर्माते यांनी एकत्र येऊन युनिव्हर्सल फिल्म मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. खिडकीतून दिसलेल्या नळसामानाच्या गाडीवरील शब्द पाहून लेम्ली यांनी हे नाव सुचविले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नाव अन्वर्थक आहे. भागीदारांच्या आडनावांनी कंपन्या ओळखल्या जाण्याच्या काळात एका विशेषणाने संस्थेचे नाव बनले, आणि त्या विशेषणाचा अर्थ ‘सर्वांचे, सर्वत्र लागू पडणारे’ असा होता. वितरकाची दृष्टी याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

१५ मार्च १९१५ रोजी लॉस एंजलिसजवळ सुमारे २३० एकरांवर युनिव्हर्सल सिटी उघडण्यात आली. पंचवीस सेंट देणाऱ्याला आत येऊन चित्रीकरण पाहता येत असे. मालाप्रमाणे माल तयार होण्याची क्रियाही विकता येते, हा विचार दुकानाच्या दर्शनी काचेमागे बसून शिकलेल्या माणसालाच सुचणारा होता. त्याच वर्षी ट्रस्टच्या व्यवहारांविरुद्ध न्यायालयाचा निर्णय झाला. पुढे एप्रिल १९१७ मध्ये, युनिव्हर्सल प्रतिवादी असलेल्या खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, यंत्राचे पेटंट असलेल्याला त्या यंत्रावर कोणाची फिल्म चालवावी हे केवळ यंत्रावर लावलेल्या सूचनेने बंधनकारक करता येत नाही. पेटंटाच्या कायद्यात या निर्णयाचे महत्त्व चित्रपटाच्या बाहेरही टिकून राहिले.

युनिव्हर्सलने आपल्या चित्रपटांच्या ‘रेड फेदर’, ‘ब्लूबर्ड’, ‘ज्युएल’ अशा चढत्या प्रती ठरविल्या होत्या. कपड्याच्या दुकानातील प्रतवारीचे हे रूपांतर होय. त्यांचे प्रमुख गिऱ्हाईक लहान गावांतील चित्रगृहे हे होते. प्रतिस्पर्धी कंपन्या मोठ्या शहरांतील भव्य चित्रगृहे विकत घेऊन प्रदर्शनावर ताबा मिळवीत असता युनिव्हर्सल त्या शर्यतीत मागे पडली, आणि तिच्या पुढील आर्थिक दुर्बलतेचे मूळ बव्हंशी येथेच आहे. दुसऱ्या बाजूने, भराभर पुष्कळ चित्रपट हवे असल्यामुळे या संस्थेची दारे इतरत्र सहसा न उघडणाऱ्यांसाठी उघडली. लोइस वेबर यांच्यासह जितक्या स्त्रियांनी १९१० नंतरच्या दशकात येथे दिग्दर्शन केले, तितक्या त्या काळी दुसऱ्या कोणत्याही मोठ्या स्टुडिओत केले नाही. ऑस्ट्रियातून आलेल्या एरिक फॉन श्ट्रोहाइम यांना १९१९ मध्ये दिग्दर्शनाची पहिली संधी येथेच मिळाली. हे औदार्य तत्त्वातून आले की निकडीतून, हा प्रश्न फारसा फलदायी नाही. लेम्ली यांच्या ठायी निकड आणि औदार्य बहुधा एकाच वाटेने येत.

४

बोलपटाच्या आगमनाने वितरकाचा मूळ आधारच हलला. पाटी कापून दुसरी जोडता येत होती. ओठांवरचा शब्द तसा कापता येईना. युनिव्हर्सलने यावर दोन उपाय योजले. ‘किंग ऑफ जॅझ’ (१९३०) या संगीतपटाच्या निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्यांसाठी निरनिराळे निवेदक घेतले गेले. हंगेरियन आवृत्तीचे निवेदन बेला लुगोसी यांनी केले. ‘ड्रॅक्युला’ (१९३१) या चित्रपटाचे इंग्रजी चित्रीकरण दिवसा होई आणि त्याच नेपथ्यावर रात्री दुसरा नटसंच स्पॅनिश आवृत्ती उभी करी. मराठी वाचकाला ही पद्धत अपरिचित नाही. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निर्माण झाला, तो याच अडचणीवरील उपाय होता. फरक असा की, कोल्हापूरच्या संस्थेला दोन्ही भाषा आपल्याच घरच्या व शेजारच्या होत्या. युनिव्हर्सलला प्रत्येक भाषा ही एक बाजारपेठ होती. बाजारपेठ म्हणून भाषेकडे पाहिले की तिच्या भाषकांची मर्जी राखणे आले. आणि मर्जी राखता राखता काय गमवावे लागते, हे लवकरच दिसून आले.

५

एरिख मारिया रेमार्क यांच्या महायुद्धावरील कादंबरीवरून ल्युइस माइलस्टोन यांनी दिग्दर्शित केलेला ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०) हा युनिव्हर्सलच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा चित्रपट. निर्मितीची सूत्रे तेव्हा लेम्ली यांच्या मुलाकडे, कार्ल लेम्ली धाकटे यांच्याकडे होती. मूळ कादंबरीचे नाव सैनिकी वृत्तपत्रकाच्या ठरावीक भाषेतून घेतलेले आहे : पश्चिमेच्या आघाडीवर नवीन काही नाही. ज्या दिवशी हे वाक्य लिहिले गेले, त्या दिवशी एक विशिष्ट नाव असलेला तरुण मेलेला असतो. वृत्तपत्रकाच्या व्याकरणात मात्र त्याला जागा नसते. याच संस्थेने १९१८ मध्ये जर्मन सम्राटाला श्वापद म्हणून रंगविणारा युद्धप्रचारपट बाजारात आणला होता, हे लक्षात घेतले म्हणजे १९३० च्या चित्रपटाचे मोल अधिक कळते. पहिल्यात एका विशेषनामावर सर्व राष्ट्राचा द्वेष लादला होता. दुसऱ्यात ‘शत्रू’ या सामान्यनामामागील एकेक माणूस दाखविला होता, आणि तो अमेरिकन प्रेक्षकाच्याच भाषेत बोलत होता.

डिसेंबर १९३० च्या आरंभी हा चित्रपट बर्लिनमध्ये दाखविला गेला. गोबेल्स यांच्या नेतृत्वाखाली नाझींनी चित्रगृहात दुर्गंधीचे गोळे फेकले, पांढरे उंदीर सोडले, प्रेक्षकांना धाक दाखविला. ११ डिसेंबर रोजी जर्मन परीक्षणमंडळाने चित्रपटावर बंदी घातली. यानंतर जे घडले ते ड्रिंकवॉटर यांच्या गौरवचरित्राच्या चौकटीत बसणारे नाही. १९३१ मध्ये काटछाट केलेली आवृत्ती जर्मनीत पुन्हा दाखविता यावी म्हणून युनिव्हर्सलने केवळ जर्मनीपुरतीच नव्हे, तर इतर देशांतही हीच कापलेली आवृत्ती दाखविण्याचे मान्य केले. एका देशातील सरकारी अधिकाऱ्यांनी ठरविलेली कात्री अशा रीतीने जगभर चालली.

या निर्णयाचे समर्थन दोन प्रकारे करता येते. अंशतः का होईना, युद्धविरोधी चित्रपट जर्मन प्रेक्षकापर्यंत पोहोचावा ही इच्छा. आणि जन्मभूमीशी नाते तुटू नये ही ओढ. पहिल्या महायुद्धानंतर लेम्ली यांनी लाउपहाइमला पुष्कळ साहाय्य पाठविले होते व तेथे त्यांचा सन्मानही झाला होता; ओढ खरी होती यात शंका नाही. परंतु दोन्ही समर्थने मान्य करूनही निर्णय सदोषच राहतो. सर्वांना चालेल असा माल देण्याच्या सवयीने येथे लेम्ली यांना फसविले. ज्याला हा चित्रपट मुळातच नको होता, त्याचीही ‘सर्वां’त गणना करण्यात आली. ज्या कलाकृतीचे सारे सामर्थ्य एका माणसाचा मृत्यू सरकारी भाषेत बुडू न देण्यात होते, तिलाच सरकारी संमतीसाठी छाटण्यात आले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर छाटलेल्या आवृत्तीलाही तेथे जागा राहिली नाही.

६

लेम्ली यांना धोका दिसत नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. जानेवारी १९३२ मध्ये त्यांनी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना पत्र लिहून हिटलरविषयी सावध केले होते. त्या वेळी ते अद्याप स्टुडिओचे मालक होते. १९३६ च्या मार्चमध्ये, ‘शो बोट’ या खर्चिक चित्रपटाच्या काळात घेतलेल्या साडेसात लाख डॉलरच्या कर्जापायी, युनिव्हर्सल त्यांच्या हातून गेली. सत्तरीला टेकलेल्या या गृहस्थांपाशी आता कंपनी नव्हती. संपत्ती व सही एवढेच उरले होते.

अमेरिकेत प्रवेश मिळविण्यासाठी जर्मनीतील ज्यूंना, आपण सरकारवर भार होणार नाही, याची खात्री द्यावी लागे. बहुतेकांना त्यासाठी अमेरिकेतील कोणी तरी निर्वाहाची हमी देणारे प्रतिज्ञापत्र आवश्यक असे. अशी प्रतिज्ञापत्रे लेम्ली यांनी एकामागून एक दिली : आधी नातलगांना, मग लाउपहाइमच्या रहिवाशांना, मग ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते अशांना. लाउपहाइमचे अभ्यासक उडो बायर यांनी या कार्याचा मागोवा घेतला आहे. तीनशेहून अधिक माणसांना त्याचा लाभ झाला असे सामान्यतः मानले जाते. १९३८ मध्ये श्टुटगार्टच्या अमेरिकन वकिलातीने, हमीदाराचे वय आणि हमींची संख्या पाहता, त्यांच्या प्रतिज्ञापत्रांविषयी शंका घेण्यास आरंभ केला. लेम्ली यांनी परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्याकडे दाद मागितली आणि ओळखीच्या इतरांनी हमी द्यावी म्हणून पत्रे लिहिली. त्यांत त्यांनीच पूर्वी अमेरिकेस आणलेले त्यांचे आप्त, दिग्दर्शक विल्यम वायलर होते.

भाषेच्या अभ्यासकाने या कागदाकडे विशेष लक्ष द्यावे असे त्यात काही आहे. काही वाक्ये माहिती देत नाहीत, उच्चारताच कृती करतात, हे जे. एल. ऑस्टिन यांचे प्रतिपादन १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. प्रतिज्ञापत्र हे अशा वाक्याचे शुद्ध उदाहरण होय. मात्र त्याला एक अट असते : त्यात देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, अशी दोन्ही विशेषनामे असावी लागतात. ‘कोणाही’साठी प्रतिज्ञापत्र करता येत नाही. त्याच्या प्रती काढून गावोगाव फिरविता येत नाहीत. ते काटून सर्वांना चालेल असे करता येत नाही. आयुष्यभर वितरण केलेल्या मालाचे सारे गुणधर्म येथे उलटे झालेले दिसतात. वितरकाने अखेर असा कागद लिहावयास घेतला, की जो एकाच माणसाला, एकदाच उपयोगी पडणारा होता.

या संदर्भात आणखी एका टीकेचा फेरविचार केला पाहिजे. लेम्ली यांनी स्टुडिओत नातलगांची व गाववाल्यांची भरती केली, यावरून हॉलिवुडमध्ये पुष्कळ थट्टा झाली आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने ती निराधार नव्हती. परंतु थट्टा करणाऱ्यांनी ज्याला केवळ वशिला म्हटले, त्यातच पुढील कार्याचे बीज होते. पगारपत्रकावर नाव घालण्याची सवयच प्रतिज्ञापत्रावर नाव घालण्यापर्यंत पोहोचली. तोच गुण कंपनीला बाधक ठरला आणि माणसांना तारक ठरला; त्याला केवळ दोष किंवा केवळ गुण म्हणणे ही चरित्रलेखनातील सोय आहे.

७

२४ सप्टेंबर १९३९ रोजी, महायुद्ध सुरू झाल्यास महिनाही उलटला नसता, लेम्ली यांचे निधन झाले. १९४२ पर्यंत लाउपहाइममध्ये उरलेल्या ज्यूंची हद्दपारी पूर्ण झाली होती आणि तेथील शतकानुशतकांची ज्यू वसाहत संपली होती. पुढे १९९४ मध्ये त्या गावातील माध्यमिक विद्यालयाला कार्ल लेम्ली यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना प्रतिज्ञापत्रांच्या पुण्याईने १९३१ ची तडजोड धुऊन काढण्याचा मोह टाळला पाहिजे. तसेच त्या तडजोडीच्या आधारे पुढील कार्य हे केवळ प्रायश्चित्त होते असा निष्कर्षही काढता कामा नये. तसा पुरावा नाही, आणि मनुष्याच्या कृतींचा असा जमाखर्च मांडणे समीक्षेच्या कक्षेतही येत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, सर्वांसाठी काही निर्माण करणाऱ्याला केव्हा ना केव्हा ‘सर्व’ म्हणजे कोण, हा प्रश्न सोडवावा लागतो. लेम्ली यांनी तो ट्रस्टच्या विरुद्ध उत्तम सोडविला, बर्लिनच्या बाबतीत चुकीचा सोडविला, आणि श्टुटगार्टच्या वकिलातीपुढे त्या प्रश्नाची मांडणीच बदलली. तेथे त्यांनी ‘सर्वां’ऐवजी एकेका माणसाचे नाव लिहिले. निर्माता म्हणून त्यांच्याहून श्रेष्ठ चित्रपट इतरांनी दिले असतील. परंतु त्यांचे चरित्र लिहिताना चित्रपटांच्या यादीशेजारी त्या नावांची यादी ठेवली नाही, तर ते चरित्र अपुरे राहील.